उपकरणाशेजारचा माणूस



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ होणाऱ्या या व्याख्यानमालेसाठी आपण इथे जमतो, त्यांच्या वर्गात बसण्याचे भाग्य मला लाभले नाही. त्यांच्या विद्यार्थ्यांकडून मात्र एक आठवण मी पुन्हा पुन्हा ऐकली आहे. शाळेच्या प्रयोगशाळेतल्या कपाटाची किल्ली गुरुजी स्वतःजवळ ठेवत नसत. ती दाराशेजारच्या खिळ्याला टांगलेली असे. मधल्या सुट्टीत कोणीही यावे, कपाट उघडावे, भिंग, चुंबक, परीक्षानळी घेऊन हवे ते करून पाहावे आणि वस्तू जागेवर ठेवून जावे. गुरुजी टेबलाशी वह्या तपासत बसत. कोणी हाक मारली तर उठून येत, आणि आले की आधी विचारत, "तुला काय दिसलं?"

आज मला जे सांगायचे आहे, ते बरेचसे या एका प्रश्नात सामावलेले आहे.

एखाद्या शहरात विज्ञान केंद्र उभे राहते तेव्हा आपण इमारतीविषयी बोलतो. दालने किती, तारांगणाचा घुमट केवढा, खर्च किती कोटी, याच्या बातम्या येतात. उपकरणाशेजारी दिवसभर उभ्या असणाऱ्या माणसाविषयी कोणी बोलत नाही. कुठे त्याला गाईड म्हणतात, कुठे डेमॉन्स्ट्रेटर, कुठे एक्स्प्लेनर, कुठे नुसते स्वयंसेवक. बहुधा तो विशी-बाविशीचा असतो, नुकताच पदवीधर झालेला किंवा अजून शिकत असलेला. सकाळी त्याच्या हातात माहितीचे कागद दिले जातात, गळ्यात ओळखपत्र घातले जाते आणि दुपारी त्याच्यासमोर शंभर मुले येऊन उभी राहतात. माझे म्हणणे असे की विज्ञान केंद्राचे यश या माणसावर ठरते. हा माणूस आपोआप तयार होत नाही, त्याला घडवावे लागते, आणि नेमके तेच काम आपण सर्वांत शेवटी व सर्वांत घाईने करतो.

मी विज्ञान केंद्रातल्या या कामात नवा होतो तेव्हाचा प्रसंग सांगतो. आमच्या दालनात एक साधे लाकडी उपकरण होते. दोन पट्ट्या; एका टोकाला एकमेकींच्या जवळ आणि खाली, दुसऱ्या टोकाला फाकलेल्या आणि वर. दोन शंकू बुडाशी बूड जोडून केलेला ठोकळा खालच्या टोकाला ठेवायचा. सोडला की तो चढाच्या दिशेने आपोआप घरंगळत जातो. जिल्हा परिषदेच्या शाळेची सहल आली होती. सातवीतली एक मुलगी तिथे थबकली. तिने तो ठोकळा तीनदा सोडून पाहिला. चौथ्या वेळी ती खाली वाकली, एक डोळा मिटला आणि पट्ट्यांच्या पातळीवरून बघू लागली. मी लगबगीने गेलो आणि सांगायला लागलो: पट्ट्या फाकत जातात, त्यामुळे ठोकळा त्यांच्यामध्ये खाली बसत जातो, म्हणून त्याचा गुरुत्वमध्य प्रत्यक्षात खाली येतो. अर्ध्या मिनिटात माझे सांगून झाले. ती म्हणाली, "हो सर," आणि रांगेत जाऊन उभी राहिली.

मी सांगितलेला शब्द न् शब्द बरोबर होता. पण डोळा मिटून ती जे शोधत होती, ते तिला सापडायच्या आत मी तिच्याकडून काढून घेतले. त्या "हो सर"ने मला पुढे कित्येक वर्षे काम पुरवले. आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक नव्या स्वयंसेवकाला मी हा प्रसंग पहिल्याच दिवशी सांगतो. आता त्या उपकरणाशेजारी एक फूटपट्टी ठेवलेली असते. मूल चकित झाले की स्वयंसेवक एवढेच म्हणतो, "ठोकळ्याचं टोक टेबलापासून किती उंच आहे, मोज बरं. आता तो थांबला तिथे मोज." मूल मोजते, पुन्हा मोजते, आणि स्वतःच ओरडते, "अरे, हा तर खाली आलाय!" गुरुत्वमध्य हा शब्द त्यानंतर येतो, आणि तेव्हा तो कायमचा लक्षात राहतो.

उपकरणाशेजारी माणूस हवा, ही कल्पना जुनी आहे. म्युनिकला १९०३ साली ऑस्कर फॉन मिलर यांनी डॉइचेस म्युझियमची स्थापना केली. यंत्र काचेआड ठेवण्यापेक्षा ते चालू करून पाहू द्यावे, हा विचार त्या संस्थेने रुजवला. पॅरिसला १९३७ साली भौतिकशास्त्रज्ञ जाँ पेरँ यांच्या पुढाकाराने 'पॅले द ला देकुव्हेर्त' उघडले. तिथे लोकांसमोर प्रत्यक्ष प्रयोग करून दाखवले जात, आणि त्यासाठी विद्यार्थ्यांना उभे केले जाई. १९६५च्या सुमारास युरोपातली ही संग्रहालये पाहत एक अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ हिंडत होता. त्याचे नाव फ्रँक ओपनहायमर.

अणुबॉम्बमुळे रॉबर्ट ओपनहायमर हे नाव आपल्याला ठाऊक असते. फ्रँक हे त्यांचे धाकटे भाऊ. त्यांनीही अणुबॉम्बच्या प्रकल्पात काम केले होते. १९४९ साली राजकीय चौकशीमुळे त्यांना विद्यापीठातली नोकरी सोडावी लागली. कोलोरॅडोत त्यांनी गुरे पाळली, शेती केली, आणि पुढे तिथल्याच एका लहान गावच्या हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवले. या शाळेतल्या वर्षांनीच त्यांची वाट ठरवली, असे मला वाटते. १९६९ साली सॅन फ्रान्सिस्कोमध्ये त्यांनी 'एक्सप्लोरेटोरियम' सुरू केले. तिथली उपकरणे बनवणारी कार्यशाळा प्रेक्षकांना दिसेल अशी उघडी ठेवली होती. आणि दालनात मार्गदर्शक म्हणून उभे केले ते हायस्कूलमधले विद्यार्थी! त्यांना 'एक्स्प्लेनर' म्हणत. ते पगारी होते. विज्ञानात पहिल्या आलेल्यांचीच निवड करायची, असा दंडक नव्हता. शहराच्या वेगवेगळ्या वस्त्यांतली, वेगवेगळ्या घरांतली मुले मुद्दाम घेतली जात. गाईच्या डोळ्याचा छेद घेऊन भिंग, बुबुळ, दृष्टिपटल दाखवण्याचे काम ही पंधरा-सोळा वर्षांची मुले आलेल्या लोकांसमोर करीत. संग्रहालयात कोणी नापास होत नाही, असे ओपनहायमर म्हणत. ही गोष्ट पाहुण्याइतकीच तिथे काम करणाऱ्या मुलालाही लागू होती. शिकवता शिकवता तोही शिकत होता, आणि त्याचे शिकणे लपवले जात नव्हते.

आपल्याकडेही या क्षेत्राची परंपरा लहान नाही. कोलकात्याचे बिर्ला औद्योगिक व तंत्रविज्ञान संग्रहालय १९५९ साली उघडले. १९६५ पासून त्याने फिरते विज्ञान प्रदर्शन गावोगाव नेले. राष्ट्रीय विज्ञान संग्रहालय परिषद १९७८ साली स्थापन झाली. वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्राची सुरुवात १९७७ साली प्रकाश आणि दृष्टी या विषयावरच्या प्रदर्शनाने झाली. १९७९ साली, आंतरराष्ट्रीय बालक वर्षात, तिथे मुलांसाठी विज्ञान उद्यान आले, आणि १९८५ साली संपूर्ण केंद्र खुले झाले. नागपूरला रमण विज्ञान केंद्र आहे, पणजीला मिरामारच्या किनाऱ्याजवळ गोवा विज्ञान केंद्र आहे. पुण्यात आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या आवारात पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानच्या देणगीतून मुक्तांगण विज्ञान शोधिका उभी राहिली. तिथे अरविंद गुप्ता यांनी काड्यापेटी, सायकलची ट्यूब, जुनी वर्तमानपत्रे यांतून खेळणी करायला हजारो मुलांना शिकवले. महाग उपकरण नसले तरी चालते, पण समोर बसून बोलणारा माणूस लागतोच, याचा एवढा ढळढळीत पुरावा मला दुसरीकडे सापडत नाही.

मग हा माणूस घडवायचा कसा? अनुभवातून जे हाती लागले ते सांगतो.

पहिला धडा पाहण्याचा. नव्या स्वयंसेवकाला आम्ही पहिले दोन दिवस बोलू देत नाही. हातात वही देतो आणि एका उपकरणापासून दहा पावलांवर उभे करतो. कोण येते, आधी कशाला हात लावते, फलक वाचते की नाही, किती वेळ थांबते, जाताना सोबतच्याला काय म्हणते, हे लिहायचे. दोन दिवसांनी तो स्वतःच सांगतो की बहुतेक लोक फलक वाचत नाहीत, आधी हँडल फिरवतात. ज्याने हे डोळ्यांनी पाहिले, तो पाहुण्याच्या हाताकडे बघून बोलणे सुरू करतो, फलकावरचा मजकूर म्हणून दाखवत नाही.

दुसरा धडा थांबण्याचा. अमेरिकेतल्या मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात वर्गांतील संभाषणे ध्वनिमुद्रित करून अभ्यासली. प्रश्न विचारल्यावर शिक्षक उत्तरासाठी सरासरी सुमारे एक सेकंद थांबतात आणि मग स्वतःच बोलू लागतात, असे त्यांना आढळले. हाच अवधी तीन सेकंद किंवा त्याहून जास्त केला, तर मुलांची उत्तरे लांब झाली, एरवी गप्प बसणारी मुले बोलू लागली, आणि मुले स्वतः प्रश्न विचारू लागली. तीन सेकंद! आम्ही प्रशिक्षणात जोड्या करतो. एकाने प्रश्न विचारायचा आणि मनात सावकाश तीन आकडे मोजेपर्यंत ओठ मिटून ठेवायचे. ऐकायला सोपे वाटते, पण भले भले दुसऱ्या आकड्याला बोलून जातात. शांतता आली म्हणजे आपण कुठेतरी कमी पडलो, असे आपल्या हाडीमासी खिळले आहे. ते काढायला आठवडे लागतात.

तिसरा धडा हँडल कोणाच्या हातात आहे ते बघण्याचा. कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे शहरातल्या बालसंग्रहालयात केव्हिन क्राउली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पालक-मुलांचे बोलणे टिपले. त्यांचा निष्कर्ष २००१ साली प्रसिद्ध झाला. उपकरण कसे चालवायचे, हे पालक मुलाला आणि मुलीला सारखेच सांगत. पण असे का होते, हे समजावून सांगण्याची वेळ आली की मुलग्यांना तसे सांगितले जाण्याचे प्रमाण मुलींच्या तिप्पट होते. हे पालक काही मुलींचे शत्रू नव्हते. त्यांना आपण असे वागतो याची कल्पनाही नव्हती. आपणही तसेच वागतो. म्हणून आमच्याकडे एक स्वयंसेवक बोलत असताना दुसरा बाजूला उभा राहून कागदावर रेघा मारतो: प्रश्न कोणाला विचारला, उपकरण कोणी हाताळले, मुलगा की मुलगी, पुढचा की मागचा. संध्याकाळी तो कागद समोर ठेवला की वेगळे भाषण द्यावे लागत नाही. दुसऱ्या दिवशी तो स्वयंसेवक आपण होऊन म्हणतो, "आता मागच्या ताईंनी पुढे यायचं."

चौथा धडा नात्यांचा आहे. विज्ञान केंद्रात माणूस एकटा येत नाही. आई-बाबा येतात, आजोबांचे बोट धरून नात येते. पोर्टलंड इथल्या ओरेगन विज्ञान संग्रहालयात स्कॉट पॅटिसन आणि सहकाऱ्यांनी मार्गदर्शक व कुटुंब यांच्या संभाषणाचा बारकाईने अभ्यास केला. मार्गदर्शक सामील झाला की कुटुंब जास्त वेळ रमते, जास्त विचार करते, समाधानाने जाते; मात्र घरातल्या मोठ्यांचे आणि मुलांचे आपसांतले बोलणे कमी होते, असे त्यांना दिसले. या निष्कर्षाने मला अस्वस्थ केले. आपण मदत करायला जातो आणि बापलेकीच्या मध्ये उभे राहतो! तेव्हापासून आमचा नियम आहे की आधी मोठ्या माणसाशी नजरेने बोलायचे, त्याची परवानगी घ्यायची. बाबा काही चुकीचे सांगत असतील, तर मुलासमोर त्यांना खोडून काढायचे नाही. "बाबा म्हणतात तसं होतं का, तुम्ही दोघं मिळून करून बघा," एवढे पुरते. चूक असेल तर उपकरणच सांगेल. घरी परतताना बसमध्ये त्या मुलीशी बोलायला बाबाच असणार आहेत, आपण नाही.

पाचवा धडा चमत्काराविषयीचा. कीर्तनाच्या पूर्वरंगात तत्त्वाचे निरूपण असते आणि उत्तररंगात आख्यान. विज्ञानाचा प्रयोग दाखवताना आम्ही हा क्रम उलटा शिकवतो. आख्यान आधी, तत्त्व नंतर. स्थिर वीज निर्माण करणाऱ्या व्हॅन डी ग्राफ यंत्राला हात लावताच मुलीचे केस ताठ उभे राहतात, सारे दालन हसते, टाळ्या पडतात. इथे स्वयंसेवकाला जादूगार होण्याचा मोह होतो. तो मोह आवरायला शिकवावे लागते. ज्या महाराष्ट्रात बुवाबाजीचे बिंग फोडण्यासाठी नरेंद्र दाभोलकरांसारख्या माणसाने आयुष्य वेचले आणि २०१३ साली प्राणही गमावले, तिथे विज्ञान केंद्राने लोकांना नुसते थक्क करून घरी पाठवणे योग्य नाही. केस उभे राहिल्यावर लगेच विचारायचे, "ताई लाकडी पाटावर का उभी आहे? पाट काढला तर काय होईल?" आणि जुलै महिन्यात, हवा ओलीचिंब असताना, त्याच यंत्राने केस उभे राहत नाहीत. न शिकवलेला स्वयंसेवक म्हणतो, "आज मशीन बिघडलंय." शिकवलेला म्हणतो, "डिसेंबरात चालतं, आज का चालत नाही?" आणि पोरे बाहेरच्या पावसाकडे बघायला लागतात. दमट हवेत विद्युतभार निसटून जातो, हे त्या दिवशी पाऊसच शिकवतो.

सहावा धडा तीन शब्दांचा आहे: "मला माहीत नाही." हवेच्या झोतावर तरंगणाऱ्या चेंडूपाशी एक मुलगा आमच्या स्वयंसेविकेला म्हणाला, "वेगवान हवेचा दाब कमी असतो म्हणून चेंडू पडत नाही म्हणता, मग पंख्यासमोर धरलेला कागद आत का ओढला जात नाही?" पाठ केलेले उत्तर तिथे अपुरे होते. हवेचा झोत चेंडूला चिकटून वळतो आणि वळताना चेंडूला उलट्या दिशेने ढकलतो, ही बाजू त्या उत्तरात नव्हतीच. ती मुलगी गोंधळली नाही. म्हणाली, "मला नीट माहीत नाही. चल, चेंडूच्या मागे सुतळीचा धागा धरून हवा कुठे जाते ते बघू." त्या दिवशी ती प्रशिक्षणात उत्तीर्ण झाली, असे मी मानले. उत्तर माहीत नसताना शोध कसा घ्यायचा, हे मुलांना दुसरीकडे सहसा पाहायला मिळत नाही.

आता एक अडचण मोकळेपणाने मांडतो. दिवाळीनंतर सहलींचा हंगाम सुरू होतो. दोनशे मुले, मोजके शिक्षक, दोन तास. बाहेर बस उभी, पुढे मुंबईतली राणीची बाग आणि गेट वे. शिक्षकांच्या हातात शिट्टी असते, आणि त्यांचीही चूक नसते, कारण एक मूल हरवले तर जबाब त्यांनाच द्यायचा असतो. अशा वेळी तीन सेकंद थांबणार कसे? आम्ही दोन गोष्टी करतो. दारातच शिक्षकांशी पाच मिनिटे बोलून त्यांना सांगतो की सगळी दालने पाहायची नाहीत. आणि मुलांचे छोटे गट करून प्रत्येक गटाने फक्त चार उपकरणे निवडायची, पण त्यांच्याशी मनसोक्त खेळायचे. चाळीस उपकरणांसमोरून धावत गेलेल्या मुलाला घरी सांगायला काही उरत नाही. चार उपकरणांशी झटलेले मूल रात्री आईला झोपू देत नाही.

भाषेचीही अशीच अडचण आहे. आश्रमशाळेतून आलेल्या मुलाच्या घरची बोली वेगळी, पुस्तकातली मराठी वेगळी, आणि फलकावरचे शब्द तर तिसरेच. 'कोनीय संवेग' म्हटल्यावर ते मूल मान खाली घालते. फिरत्या स्टुलावर बसवून, हात पसरायला आणि मग छातीशी घ्यायला सांगितले, तर तेच मूल खिदळत म्हणते, "गरगर वाढली!" तो त्याचा शब्द आहे. स्वयंसेवकाने तो उचलावा, त्याच्याच शब्दात पुढे बोलावे, आणि शास्त्राची संज्ञा त्या शब्दाच्या शेजारी आणून बसवावी.

हे सगळे एका कार्यशाळेत होत नाही. बर्कलीच्या लॉरेन्स हॉल ऑफ सायन्सने संग्रहालयातल्या शिक्षकांसाठी 'रिफ्लेक्टिंग ऑन प्रॅक्टिस' नावाचा अभ्यासक्रम तयार केला. आपले काम आपणच तपासायचे, तेही सहकाऱ्यांसोबत आणि सातत्याने, हे त्याचे सार. आमच्याकडे त्याचे रूप म्हणजे 'दिवेलागणीची बैठक'. दालन बंद झाल्यावर वीस मिनिटे सगळे जमिनीवर बसतात. आज कोणत्या प्रश्नाने मी अडलो, आज कोणाला मी घाईने उत्तर दिले, एवढेच बोलायचे. वरिष्ठांनी आधी स्वतःची चूक सांगायची. हा शेवटचा नियम सर्वांत महत्त्वाचा, कारण त्याशिवाय नवी मुले तोंड उघडत नाहीत.

वैज्ञानिक दृष्टिकोन आणि चौकस वृत्ती जोपासणे हे आपल्या संविधानाने, १९७६च्या दुरुस्तीनंतर, प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य मानले आहे. हे कर्तव्य इमारत पार पाडू शकत नाही. ते माणसे पार पाडतात, आणि त्या माणसांना आपण आज तुटपुंज्या मानधनावर, काही महिन्यांच्या करारावर ठेवतो. जेमतेम शिकून तयार होतात तोवर त्यांची मुदत संपते. नवे दालन उभारताना जो निधी मागितला जातो, त्यातच प्रशिक्षणाचा आणि मानधनाचा वाटा पहिल्या दिवसापासून लिहिलेला असला पाहिजे. उपकरण आणि माणूस एकाच अंदाजपत्रकात यावेत, अशी माझी या क्षेत्रातील धोरणकर्त्यांना कळकळीची विनंती आहे.

आणि दुसरी विनंती आपल्याला, श्रोतेहो. या सभागृहात निवृत्त शिक्षक आहेत, बँकेत आणि कारखान्यात आयुष्य घालवलेली माणसे आहेत, महाविद्यालयात शिकणारी मुले-मुली आहेत. आपल्या जवळच्या विज्ञान केंद्रात, शाळेच्या प्रयोगशाळेत किंवा वाचनालयाच्या ओसरीवर महिन्यातून एक शनिवार सकाळ द्या. विज्ञानाची पदवी नसली तरी चालेल. जे येत नाही ते शिकवता येते. फक्त मुलाजवळ उकिडवे बसा, त्याच्या हातातल्या वस्तूकडे बघा, "तुला काय दिसलं?" असे विचारा आणि मग, कितीही जड गेले तरी, त्याचे उत्तर येईपर्यंत थांबा.